जुन्या गाडीचा नवा साज

खानापूर तालुक्यात माझ्या मामांचे गाव आहे. त्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याची शेड आहे आणि तीत १९६२ सालची एक जीप उभी असते. मागच्या पावसाळ्यात ती विकायचे ठरले. नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, आणि फीचा पहिला हप्ता जीपमधून निघेल असा घरातल्यांचा हिशेब होता. जुन्या गाड्या हौसेने जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ पाहायला येणार म्हणून मामांनी मला बोलावून घेतले. मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा सौदा मला कळत असणार, अशी त्यांची भाबडी समजूत.

मामांच्या हातात वही होती. जीपवर केलेला खर्च तीत टिपून ठेवलेला. डिझेल इंजिन, ते बसवण्याची मजुरी, पुढे मुलाने हौसेने घातलेले रुंद टायर, पॉवर स्टिअरिंग, नवे दिवे, मऊ सीटा. मामांचे गणित सरळ होते. जुन्या जीपची किंमत धरायची आणि तीत वहीतली बेरीज मिळवायची.

पाहुण्यांनी चहाच्या आधी बॉनेट उघडले. घटकाभर आत पाहिले आणि विचारले, "मूळचं इंजिन कुठं आहे?"

"ते होय? ते विट्याच्या भंगारवाल्याला किलोवर घातलं की."

पाहुण्यांनी बॉनेट हळूच मिटले. मग चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. निघताना त्यांनी जो आकडा सांगितला तो मामांच्या वहीतल्या नुसत्या बेरजेपेक्षाही खाली होता.

तर आज याच प्रश्नावर बोलायचे आहे. जुन्या गाडीला नवे भाग बसवले की तिची किंमत वाढते की घटते? प्रश्न बड्या लोकांच्या शर्यतीच्या मोटारींचा वाटेल, पण सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गोठ्यांत आणि वाड्यांच्या ढेलजेत एखादी जीप, एखादी फियाट, एखादी जावा फटफटी पोत्याखाली झाकलेली असते. तिचे काय करावे, हा त्या घरचा खरा प्रश्न असतो.

आधी मामांची बाजू मांडतो, कारण ती चुकीची नव्हती. महिंद्र कंपनी १९४७ पासून आपल्याकडे विलीस जीप जोडू लागली. मामांच्या जीपला चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. इंजिन दणकट, पण तहान मोठी. १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव भडकले, आणि पेट्रोलवर जीप चालवणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. त्या मानाने डिझेल बरेच स्वस्त. म्हणून गावोगावचे मेस्त्री जीपमध्ये डिझेल इंजिन चढवू लागले. पुढे १९८० नंतरच्या दशकात कंपनीनेही प्यूजोच्या परवान्याची डिझेल इंजिने आपल्या जीपमध्ये बसवलीच. मामांनी १९८६ साली हा बदल केला. मी तेव्हा नुकताच शाळेत जाऊ लागलो होतो. गॅसकटरची निळी ज्योत चासीचा आडवा पट्टा कापताना पाहिलेली मला आठवते. त्यानंतर ती जीप वीस वर्षे वडापला चालली. विटा ते आटपाडी, माणसे आत, टपावर, मागे लोंबकळत. त्या काळी ती विकली असती तर पेट्रोल जीपपेक्षा चार पैसे जास्तच आले असते.

म्हणजे तोच बदल एका काळी अधिकचा होता आणि आज उणे झाला. असे का? गाडी तीच, पण गिऱ्हाईक बदलले. वडापवाला गाडी घेतो ती धावण्यासाठी. लिटरला किती पळते, घाटात दम टिकतो का, हे तो विचारतो. हौशी माणूस गाडी घेतो ती जपण्यासाठी. कारखान्यातून निघाली तेव्हा ती कशी होती, आणि त्यातले आज किती शिल्लक आहे, एवढेच तो पाहतो. मामांनी पहिल्या गिऱ्हाइकासाठी नटवलेली गाडी दुसऱ्याला दाखवली. आणि आम्ही वर्गात शिकवतो ते खर्चाचे तत्त्वही इथे लागू पडतेच. तुम्ही किती ओतले याच्याशी घेणाऱ्याला देणेघेणे नसते.

विलायतेत या गोष्टीला फार महत्त्व देतात. जग्वार कारखान्याने १९६१ साली ई-टाइप नावाची मोटार काढली. लांब नाकाची, दोन माणसांची, निव्वळ वेगाच्या हौसेची. आज ती विकताना पहिल्यांदा नंबर ताडून पाहतात. चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर हे कारखान्याच्या नोंदीशी जुळले पाहिजेत. तिथे जग्वारच्या जुन्या दप्तराची एक संस्थाच आहे. गाडी कोणत्या दिवशी बाहेर पडली, रंग कोणता होता, इंजिन कोणते होते, याचा दाखला ती देते. आपल्याकडे जमिनीचे फेरफार पाहतात ना, तसेच. आता गंमत अशी, की त्या पहिल्या ई-टाइपचा पहिला गिअर टाकणे जिकिरीचे असते, म्हणून पुष्कळ मालक पाच गिअरांचा नवा बॉक्स बसवतात. पण शहाणा मालक जुना बॉक्स तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवतो आणि विकताना गाडीबरोबर देतो. मग किंमतीला फारसा धक्का लागत नाही.

याला अपवादही आहे. कॅलिफोर्नियात सिंगर नावाचा कारखाना जुन्या पोर्शे ९११ उलगडून नव्याने बांधतो. इंजिन, पत्रा, आतले कातडे, सगळे बदलते, आणि तरीही त्या गाड्यांना मुळातल्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त मोल येते. पण तिथे घेणारा कारागिराचे नाव विकत घेत असतो. आमच्या मामांच्या मेस्त्रीचे नाव पुण्यापर्यंत पोचलेले नव्हते, हा त्याचा दोष नव्हे.

मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण आपल्याला जवळचे. तारा बदलतात, जवारी पुन्हा काढतात. तंबोरा वाजता राहायचा तर ते केलेच पाहिजे, आणि त्याने कोणी भाव पाडत नाही. पण भोपळाच बदलला तर? तंबोरा चांगला वाजेलही कदाचित, पण आजोबांचा तंबोरा म्हणून कोणी घेणार नाही. गाडीच्या बाबतीत इंजिन, चासी आणि सांगाडा हा भोपळा. टायर, बॅटरी, वायरी, रबरी नळ्या या तारा.

कोरेगावकडचे एक शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या वडिलांची जावा, म्हैसूरच्या कारखान्यातली. तिची वीज सहा व्होल्टची, दिवा काजव्यासारखा. रात्री उसाच्या ट्रॉल्यांतून वाट काढायची म्हणजे जिवाशी खेळ. गुरुजींनी बारा व्होल्टची जोडणी करून घेतली. मात्र काढलेला एकेक भाग त्यांनी पिशवीत घातला, पिशवीला चिठ्ठी बांधली, आणि सगळे एका ट्रंकेत ठेवले. पत्र्याला भोक पाडू दिले नाही की टाकीचा रंग खरवडू दिला नाही. शिक्षकी पेशाची ही चिठ्ठ्या लावायची खोड इतकी फळाला आलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एका रविवारी मेस्त्री बसला तर ती गाडी संध्याकाळपर्यंत होती तशी होईल. चासी कापलेल्या जीपचे तसे होत नाही.

ब्रेकबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. तुम्ही जुनी फियाट घेऊन कुंभार्ली घाट उतरणार असाल, तर ब्रेक बदला, चांगले बदला, आणि किंमतीचा विचार करू नका. माणूस राहिला तर गाडी विकेल.

आता कायद्याचे. ही बाजू गावात कोणी सांगत नाही आणि नुकसान इथेच जास्त होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कंपनीने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. इंधन बदलण्याच्या काही मान्य जोडण्यांना परवानगीने मुभा आहे, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. दुसरी गोष्ट, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी काढली. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. आणि अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची.

मामांची जीप साठीच्या पुढची, म्हणजे वयाने पात्र. पण नोंदणीपुस्तकात इंधन पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. १९८६ साली ज्याच्यावर कागद सोपवले त्या एजंटाने 'होतंय, होतंय' म्हणत ते तसेच परत दिले, आणि मामांनी उघडून पाहिले नाहीत. त्यामुळे व्हिंटेजची वाट बंद, आणि साध्या विक्रीतही नाव बदलायला अडचण. पाहुण्यांनी आकडा खाली आणला त्यात याचा वाटा इंजिनाइतकाच होता.

त्या संध्याकाळी मी हे सगळे मामांना नीट समजावून सांगू लागलो. किंमत कशी ठरते, बदलाने कशी घट येते, वगैरे. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतले आणि म्हणाले, "आरं मास्तर, ह्या इंजिनानं माझ्या दोन पोरींची लग्नं केली. हीर खणली. त्याची घट कसली काढतोस?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वहीची बेरीज त्यांनीही चुकीच्या पानावर केली होती आणि मीही. इंजिनाचे पैसे वडापच्या वीस वर्षांत केव्हाच वसूल झाले होते. वाया गेले होते ते रुंद टायर, ते दिवे आणि मऊ सीटा यांचे. तेही काढता येतील, पण मूळच्या चाकांचे काय झाले हे आता कोणाला आठवत नाही. मूळचे स्टिअरिंग तेवढे गोठ्यात खुंटीवर सापडले. त्याला दावे अडकवलेले होते.

फीचा हप्ता शेवटी पतसंस्थेचे कर्ज काढून भरला. जीप शेडमध्येच आहे. मामांच्या मुलाने आता पेट्रोल इंजिन शोधायला घेतले आहे. दुसरे मिळाले तरी नंबर जुळणार नाही हे त्याला ठाऊक आहे, पण निदान जात तरी तीच राहील, असे तो म्हणतो. परवा तो विट्याच्या त्याच भंगारवाल्याकडे गेला होता. तो म्हणाला, तसली दोन इंजिने होती, दिवाळीच्या आधी फौंड्रीत गेली.