समुद्रावरचा अपघात आणि विम्याचे कागद

रायगडमधल्या मोहोपाड्यातून समुद्र दिसत नाही. पण पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांत हात बसलेल्या वेल्डर-फिटरला तेलक्षेत्रातल्या बार्जवरही काम मिळू शकतं. कारखान्यात बोट चिरडलं तर सहसा ईएसआयचं कार्ड कामी येतं. बार्जवर आधी विचारावं लागतं, पॉलिसी कुणाची? ठेकेदाराची, मुख्य कंपनीची की बार्जमालकाची?

17 मे 2021 रोजी तौक्ते वादळात मुंबईजवळच्या हीरा तेलक्षेत्रात ‘पी-305’ बार्ज बुडाला. त्यावर 261 जण होते, 186 वाचले. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले. ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तेलक्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसीने मृत आणि बेपत्तांच्या कुटुंबांना 2 लाख, बचावलेल्यांना 1 लाख रुपये जाहीर केले. ही तातडीची मदत. कायद्याची भरपाई वेगळी.

तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानुसार देणं मालकाचं. ठेकेदाराने हात वर केले तर मुख्य कंपनीकडे मागता येई. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, व्याज विमा कंपनीने भरावं, विलंबाचा दंड मात्र मालकाने. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे.

खरी ओढाताण होते ती अपंगत्वाच्या टक्क्यांवर. 1975 च्या एका निकालातल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालक म्हणे, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने मात्र एका हाताने सुतारकाम होत नाही हे पाहून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं धरलं. म्हणजे नुसती जखम मोजून भागत नाही, त्या माणसाचा धंदा पाहावा लागतो. विमा कंपनीच्या डॉक्टरांचा आकडा शेवटचा नव्हे.

मालवाहू जहाजावरच्या खलाशाची बाजू थोडी बळकट आहे. भारताने 2015 मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं आणि विमा देणाऱ्याकडे थेट दावा करता येतो. नोकरीच्या करारपत्रातल्या रकमेपेक्षा कमी घ्या, असा दबाव आणायला मनाई आहे. अपंगत्व ठरायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात अंतरिम रक्कम द्यायची असते.

म्हणून कोऱ्या किंवा ‘फुल अँड फायनल’ कागदावर उपचार संपण्याआधी सही करू नये. आणि निघण्यापूर्वी करारपत्र, पगाराची पावती आणि पॉलिसीचा फोटो घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेवावा.