धक्का वेगळा, दोष वेगळा

आपल्या जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरी, औंढा या बाजूच्या खेड्यांना तालुक्याशी जोडण्याचे काम काळी-पिवळी जीप-टॅक्सीने अनेक वर्षे केले आहे. या जीपांपैकी जुन्या कमांडर, मार्शल गाड्यांचा एक आजार जिवावर बेतणारा आहे. गाडी साठ-सत्तरच्या वेगात असते, पुढचे एक चाक खड्ड्यात किंवा पुलाच्या जोडावर आदळते आणि क्षणात स्टिअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोराने आपटू लागते की ते हातात धरवत नाही. खड्डा मागे पडतो, थरथर मात्र गाडी जवळजवळ थांबेपर्यंत चालूच राहते. मिस्त्री म्हणतात, गाडी वॉबल मारते. उपाय म्हणून कुणी टायर बदलतो, कुणी बॅलन्सिंग करतो, कुणी स्टिअरिंग डॅम्पर लावतो. माझे म्हणणे असे की हे उपाय बहुधा चुकीच्या जागी पडतात, कारण ज्याने थरथर सुरू होते आणि ज्याच्यामुळे ती टिकते, या दोन गोष्टी निराळ्या आहेत आणि आपण पहिलीच्याच मागे धावतो.

पुरावा गाडीच्या वागण्यातच आहे. जीपच्या साधारण सव्वादोन मीटर घेराच्या चाकाचे ताशी 70 किलोमीटर वेगाला सेकंदाला साडेआठ-नऊ फेरे होतात. चाकाचा तोल बिघडला असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसतो. म्हणून ती थरथर ठरावीक वेगाला येते आणि वेग थोडा कमी-जास्त केला की ओसरते. वॉबल तसे वागत नाही. ते सत्तरला सुरू होते आणि वेग तीसवर आला तरी सुटत नाही, म्हणजे ते बाहेरच्या हिसक्यावर जगत नाही. त्याला लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच मिळते. जुन्या जीपची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलवर असतात. एक चाक उचलले की एक्सल कलतो, एक्सलबरोबर फिरणारी चाके कलतात आणि फिरते चाक कलले की भोवऱ्याच्या नियमाने ते आडवे वळू पाहते. वळलेल्या चाकाचा टायर जमिनीवर बाजूला दाबला जातो, किंचित उशिराने परत ढकलतो आणि चाक उलट बाजूला जाते. सांधे घट्ट असतील तर घर्षण ही हालचाल दोन-तीन हेलकाव्यांत गिळून टाकते. सांध्यात मोकळीक असेल तर चाकाला तेवढ्या अंतरात अडवणारे कुणीच नसते आणि हेलकावा वाढत जातो. 1920 नंतर फुगीर, कमी हवेचे टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या मोटारी याच व्याधीने पछाडल्या होत्या. 1930च्या दशकात पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्याची लाट आली, तिच्या कारणांपैकी हे एक. बोलेरो किंवा 2020ची नवी थार या आजारातून बरीचशी सुटली ती त्याचमुळे. जिम्नी आणि जुन्या पाट्यांच्या जीपा मात्र अखंड एक्सलच्या आहेत.

तेव्हा निदान करायचे ते मोकळीकीचे, आणि ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना सुरू करायचे. एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत: स्टिअरिंग बॉक्स चासीवर हलतो का, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड एंडमध्ये खटका लागतो का, पाट्यांचे बूश आणि शॅकल सरकतात का, यू-बोल्ट सैल आहेत का. विलीज जीपच्या जुन्या रचनेत मधला बेल क्रँक झिजलेला सापडण्याची शक्यता मोठी. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत एक्सलला आडवा धरणारा ट्रॅक बार असतो. त्याचा बोल्ट घट्ट दिसला तरी भोक लांबट झालेले असू शकते आणि ते हलताना पाहिल्याशिवाय कळत नाही. मग गाडी जॅकवर घ्यावी, खाली भक्कम टेकू द्यावेत आणि चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले (मोकळीक) आढळला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते तिचा. इतकी स्वच्छ परीक्षा असताना किंगपिनच्या दुखण्यासाठी चाकाची बेअरिंग बदलली जातात, याची मला खंत वाटते. शेवटी कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कल, पाहावा. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल लावले की एक्सल फिरतो, आणि शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे की मागच्या, यावर कास्टर कमी होतो की वाढतो हे ठरते. कास्टर फार कमी किंवा फार जास्त, दोन्ही घातक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की बॅलन्सिंग केल्यावर किंवा डॅम्पर लावल्यावर थरथर थांबते, हा अनुभव खोटा कसा? तो खोटा नाही. बॅलन्सिंगने एक निमित्त दूर होते आणि डॅम्पर हेलकाव्याची ऊर्जा शोषतो. पण झिजलेला टाय रॉड एंड तसाच झिजत राहतो, आणि डॅम्पर थकेल त्या दिवशी मोकळीक आधीपेक्षा जास्त असते. टाय रॉड एंड सुटला तर वॉबलचाही प्रश्न उरत नाही, कारण चाकच स्टिअरिंगच्या ताब्यात राहत नाही. डॅम्पर जरूर असावा, पण सगळे सांधे घट्ट केल्यानंतर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष रस्त्याचाच. आपल्या काळ्या जमिनीत रस्त्याखालची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि डांबरावर लाटा उठतात. रस्ते सुधारलेच पाहिजेत, यात दुमत नाही. पण त्याच खड्ड्यातून त्याच वेगाने गेलेली सांधे घट्ट असलेली जीप एक धक्का खाऊन सरळ निघून जाते. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनहूनही सूक्ष्म हालचाल मोजायची आहे, आणि ते शास्त्र मुळात कोणते कंपन कुठून आले हे वेगळे काढण्याचे आहे. त्याच जिल्ह्यातल्या जीपच्या बाबतीत आपण सगळी कंपने एकाच खड्ड्याच्या नावावर टाकतो, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो गाडीमालक पोटतिडकीने घेतो. त्याचे उत्तर हिशेबातच आहे: वर सांगितलेल्या तपासणीला दोन माणसे, जॅक, टेकू आणि अर्धा-पाऊण तास लागतो, अंदाजाने बदललेल्या चार टायरांचे पैसे मात्र परत येत नाहीत. दुरुस्तीही सापडलेल्या प्लेपासून सुरू करावी आणि प्रत्येक कामानंतर तीच परीक्षा पुन्हा करावी. तोवर चालकांना एवढे तरी माहीत हवे: वॉबल सुरू झाले की अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नयेत, उलटसुलट झटके देऊन ते रोखू पाहू नये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि कचकचून ब्रेक न दाबता गाडी कडेला उभी करावी. आठ वर्षांपुढच्या भाड्याच्या प्रवासी वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या जिल्ह्यातली, एमएच 38 नोंदणीची प्रत्येक अखंड एक्सलची काळी-पिवळी त्या तपासणीला येईल तेव्हा दिवे, हॉर्न पाहण्याआधी तिचे स्टिअरिंग एकाने हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून सांधे चाचपावेत, अशी माझी परिवहन खात्याकडे आणि तुम्हा सर्वांकडे मागणी आहे.