बायबलात ठेवलेली पावती

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

उन्हं कलली तरी पंख्याखालची खुर्ची शोधत बसलेल्या मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय 'धन, आशा आणि ख्रिस्ती जीवन'. तीन जड शब्द एका ओळीत. इतकं ओझं एकदम उचलायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून मी एका कागदापासून सुरुवात करतो.

आमच्या घरी मुदत ठेवीची पावती बायबलात ठेवत. आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या रकमेतला मोठा भाग तिने तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवला. बँकेपेक्षा व्याज जास्त, आणि चेअरमन ओळखीचे. पावतीला टाचणी लावून ती बायबलाच्या पानात. कपाटात का नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, "चोर सगळं घर उचकतो, पण बायबल उघडत नाही." तर्क बिनतोड होता. चोर कधी आलाच नाही. पतसंस्था बुडाली.

तुमच्यापैकी काहींना हे सांगायला नको. शटर अर्धं ओढलेलं, बाहेर उन्हात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं, आणि "साहेब मीटिंगला गेलेत" हे रोजचं उत्तर. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, 2020 पासून ते 5 लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आईला हा फरक पैसे गेल्यावर कळला. दोन रविवार ती उपासनेला गेली नाही. तिसऱ्या रविवारी निघाली. वाटेत मला म्हणाली, "अरे, मी रोज सकाळी बायबल उघडायचे ना, तर आधी पावती जागेवर आहे का ते बघायचे. वचन नंतर." एवढंच. तिने त्यावर प्रवचन केलं नाही. ते काम आज मला लावलंय.

आता 'आशा' या शब्दाकडे येतो, कारण मराठीत हा शब्द थोडा बदनाम आहे. आपल्या संतांनी आशेला फारसं चांगलं म्हटलेलं नाही. आशा म्हणजे पाश, आशा म्हणजे हाव. माणूस आशाळभूत झाला की लाचार झाला. मराठी बायबलात मात्र हाच शब्द विश्वास आणि प्रीती यांच्या पंगतीला सन्मानाने बसतो. लहानपणी मला हा घोटाळा कळायचा नाही. शाळेत मराठीचे गुरुजी सांगायचे आशा सोडा, आणि रविवारी पाळकसाहेब सांगायचे आशा धरा. पुढे लक्षात आलं की दोघांचं भांडण नाही. गुरुजी बोलत होते आशा कशाची ठेवता याबद्दल, आणि पाळकसाहेब कोणावर ठेवता याबद्दल.

हा 'कोणावर' प्रश्न नव्या करारात सगळ्यात थेट येतो तो पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या शेवटाकडे. सांगणं असं की या युगात जे श्रीमंत आहेत त्यांना बजाव, गर्व करू नका आणि धनासारख्या भरवसा नसलेल्या गोष्टीवर आशा ठेवू नका, देवावर ठेवा. श्रीमंतांनी सगळं विकून टाकावं असं तिथे म्हटलेलं नाही. उलट देव उपभोगासाठी सगळं भरपूर देतो, असंही त्याच वाक्यात आहे. तक्रार पैशाच्या चंचलपणाबद्दल आहे, आणि त्या चंचल वस्तूवर माणूस जे वजन टाकतो त्याबद्दल आहे.

हे पत्र कुठे पोहोचणार होतं ते बघा. तीमथ्य होता इफिस शहरात, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथलं अर्तमी देवीचं मंदिर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. पण ते नुसतं मंदिर नव्हतं, ती पेढीही होती. दूरदूरचे लोक, व्यापारी, सत्ताधीश आपला पैसा तिथे ठेवत, कारण देवीच्या घरातून कोण चोरणार? म्हणजे आमच्या आईचाच हिशेब. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये याच शहरातला एक दंगा आहे. देमेत्रिय नावाचा सोनार देवीचे चांदीचे देव्हारे करायचा. पौलाच्या शिकवणीने धंदा बसेल या भीतीने त्याने सगळे कारागीर गोळा केले. आधी त्याने उत्पन्नाची गोष्ट काढली, देवीच्या माहात्म्याची नंतर. मला हा देमेत्रिय फार ओळखीचा वाटतो. आज त्या मंदिराच्या जागी पाणथळीत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे. बंदर गाळाने भरलं आणि समुद्र काही किलोमीटर मागे गेला. ज्या शहराची श्रीमंती बंदरावर होती, त्या शहरापासून बंदरच निघून गेलं.

मग पैशापासून दूर पळावं का? येशूच्या भोवतालची माणसं बघितली तर एकच उत्तर मिळत नाही. एका श्रीमंत तरुणाला तो सगळं विकायला सांगतो. जक्कय जकातदार अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो म्हणतो, ती येशूला पुरते. योहान्ना, सुसान्ना या बायका तर आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. त्यांना कोणी विका म्हटलं नाही. ज्याच्यावर तो खरा चिडतो, तो लूकच्या बाराव्या अध्यायातल्या दाखल्यातला शेतकरी. पीक उदंड आलंय, कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत आहे. पुन्हा वाचाल तेव्हा एवढंच बघा, हा माणूस बोलतो कोणाशी? बायकोशी नाही, गड्याशी नाही, देवाशी तर नाहीच. तो आपल्या जिवाशीच बोलतो. त्या रात्री तो मरतो आणि कोठार कोणाला जातं ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे तुकोबांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. त्यातला एक तपशील कीर्तनात घाईने उरकतात: भाऊ कान्होबांच्या वाटणीची खतं त्यांनी बाजूला काढून दिली. आपली आशा आपण बुडवायची, भावाची नाही. नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. हे सांगताना मला नेहमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना माहीत आहे की टिळकांच्या हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसे. नवऱ्याने देवावर भरवसा टाकला की चूल पेटवायची जबाबदारी बायकोवर येते. ख्रिस्ती चरित्रांत ही बाजू फार कमी लिहिलेली असते. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली, तीही हसत हसत.

आता ज्यांच्याबद्दल बोलायला मी आलो त्या बाई. पंडिता रमाबाई. आपण त्यांना विदुषी म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो. त्या हिशेबाच्या किती पक्क्या होत्या हे कोणी सांगत नाही.

भूक त्यांनी पोथीत वाचली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडे शेतीवाडी होती; पाहुणे, विद्यार्थी आणि तीर्थयात्रा यांत ती संपली. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब दागिने, भांडीकुंडी विकून रानातल्या पाल्यावर दिवस काढत होतं. 1874 साली आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. पैशाचा भरवसा नाही, हे कळायला त्यांना तीमथ्याला आलेलं पत्र लागलं नव्हतं.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत बॉस्टनला 1887 साली रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उघडलं. ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. दहा वर्षांची मुदत म्हणजे शेवटी मुदत ठेवच. ती संपल्यावर काय, म्हणून बाईंनी दौंड तालुक्यात केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि फळझाडं लावली. झाडं धरतील, फळं विकू, सदन आपल्या पायावर उभं राहील. याला मी अविश्वास म्हणत नाही. देवावर आशा ठेवणाऱ्या बाईने विहीर खणली, कलमं लावली.

याच काळात त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र आलं. हा मूळचा प्रशियाचा माणूस. त्याने चर्चमधला ठरलेला पगार सोडला, अनाथाश्रम काढले, आणि पैसे लागले तरी माणसांपुढे हात पसरायचा नाही, देवाला सांगायचं, असा नेम केला. त्याच्या आश्रमांत एका वेळी दोन हजारांपर्यंत मुलं होती. ऐन न्याहारीच्या वेळी दूधवाला दारात आला वगैरे गोष्टी त्याच्याबद्दल रंगवून सांगतात. मला त्या गोष्टींपेक्षा त्याची वही आवडते. आलेल्या प्रत्येक पेनीची पावती, दरवर्षी छापलेला अहवाल. लाखो पौंड त्याच्या हातून गेले, आणि 1898 साली तो वारला तेव्हा स्वतःच्या मागे सामानसुमान धरून दोनशे पौंडांहूनही कमी ठेवून गेला. रमाबाईंना हे वाचून प्रश्न पडला की हिंदुस्थानात असं चालेल का?

उत्तर शोधायला लावलं ते 1896 च्या दुष्काळाने. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. झाडं अजून लहान होती, बॉस्टनची मुदत सरत आली होती. शहाण्या माणसाने हात आखडते घ्यायची हीच वेळ. बाई मध्य प्रांतात गेल्या, स्वतःचे भुकेचे दिवस डोळ्यांपुढे होते, आणि तीनशे मुली आणायचा त्यांनी निश्चय केला. पैसा कुठून येणार हे ठरलेलं नव्हतं. त्यात 1897 साली पुण्यात प्लेग. मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून फळबागेच्या जमिनीवर झोपड्या, तंबू उभे राहिले. उद्याच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर आजची माणसं आली. मुक्ती मिशन म्हणून आपण जे ओळखतो ते हे. 1900 च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या जवळपास बायका-मुली होत्या.

इथे सभेत कोणीतरी नेहमी विचारतं, म्हणून मीच विचारतो. "अहो, शेवटी पैसे अमेरिकेहूनच आले ना? मग देवावर आशा कसली, ती तर दुसऱ्याच्या खिशावर." प्रश्न रास्त आहे. 1898 साली बाई स्वतः अमेरिकेला गेल्या, तिथे असोसिएशन नव्याने उभं राहिलं. पैसा माणसांच्याच खिशातून येतो, कावळे भाकरी आणून देतात ती एलीयाची गोष्ट निराळी. पण क्रम बघा. मुली आधी आल्या, पैसा मागून आला. देवावर टाकलेल्या आशेचा दृश्य भाग मला एवढाच दिसतो. आणि आलेल्या पैशाचं त्यांनी काय केलं? हातमाग, तेलघाणा, गोठा, छापखाना. त्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले आणि बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल छापलं. ते 1924 साली पूर्ण बाहेर आलं. बाई 5 एप्रिल 1922 लाच गेल्या होत्या.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण आजकाल आमच्यात एक नवीन बाजार भरलाय. मोठा मंडप, कीबोर्ड, आणि व्यासपीठावरून आश्वासन: दान द्या, देव शंभरपट परत करील. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस नव्या गाडीची साक्ष देतो. मला हे देवाचं नाव घेऊन उघडलेलं आवर्ती ठेव खातं वाटतं. यात आशा देवावर नसतेच. देव फक्त जामीन असतो. त्यापेक्षा आमच्या मंडळीतला हंगामाचा सण बरा. बाजरीची पायली, कोंबडी, भोपळा, जे पिकलं ते वेदीपुढे, आणि मग आवारात लिलाव. मी तेवीस वर्षं खजिनदार होतो, लिलावाची वही माझ्याकडे असायची. एका वर्षी एका म्हातारीचा दुधी साडेचारशेला गेला. घेणाऱ्याने तो परत वेदीपुढे ठेवला, पुन्हा लिलाव, पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी वहीत काय लिहू हे मला कळेना, शेवटी "दुधी, तोच" असं लिहिलं. ऑडिटरने त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं.

आणि हो, मी काही टिळक नाही. आज सकाळीच मी बँकेत जाऊन ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर विचारून आलोय.

आई गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. पावती तशीच होती. पैसे कधी मिळाले नाहीत, पण तिने ती काढली नव्हती. मी काढली तेव्हा टाचणी गंजलेली होती आणि पानावर तांबूस डाग पडला होता. मत्तयच्या सहाव्या अध्यायात, जिथे कसर आणि गंज यांची गोष्ट आहे, तिथे तो डाग सापडला असता तर या व्याख्यानाला फार शोभलं असतं. मी चष्मा लावून पाहिलं. डाग होता गणनेच्या पुस्तकात.