खोप्याचें चित्र

आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचें एक निसर्गमंडळ आहे. त्याच्या अंकावर सुगरणीच्या खोप्याचें लहानसें चित्र असतें. एका विद्यार्थिनीनें तें मोठ्या हौसेनें काढून दिलें होतें. पुढें ती पदवी घेऊन बाहेर पडली. दोन वर्षांनीं प्रदर्शनाचें भित्तिपत्रक काढावयाचें ठरलें, तेव्हां मंडळापाशीं त्या चित्राची एकच प्रत उरली होती आणि ती होती पांच सेंटिमीटर रुंदीची. मंडळाचा सल्लागार या नात्यानें मीं बेधडक सांगितलें, "तेंच मोठें करून छापा!" भिंतीवरचें भित्तिपत्रक पाहून एका पाहुण्यांनीं विचारलें, "हें मधमाश्यांचें पोळें का?"

दोष छापखान्याचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. संगणकावरील तसलें चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें. चांगल्या छपाईला दर इंचास 300 ठिपके लागतात. म्हणजे पांच सेंटिमीटरांत सुमारें 590 ठिपके येतात. तेच ठिपके ए-2 कागदाच्या 42 सेंटिमीटर रुंदीवर पसरले कीं दर इंचास जेमतेम 36 उरतात, आणि गोलाईच्या जागीं जिन्याच्या पायऱ्या दिसूं लागतात.

व्हेक्टर चित्राची तऱ्हा निराळी. त्यांत ठिपके सांठविलेले नसतात. रेघ कोठून निघाली, कशी वळली आणि कोठें थांबली, याचें गणित सांठविलेलें असतें. गंमत अशी, कीं हें गणित मोटारींच्या कारखान्यांत जन्मलें. गाडीच्या पत्र्याची गोलाई नेमकी सांगतां यावी म्हणून फ्रान्समध्यें सिट्रोएनच्या पॉल द कास्टेल्जो यांनीं 1959 सालीं आणि पुढें रेनोच्या पिएर बेझिए यांनीं स्वतंत्रपणें तें मांडलें. सिट्रोएननें आपलें काम गुप्त ठेवलें, म्हणून वक्राला नांव मिळालें तें बेझिए यांचें. माप बदललें कीं संगणक तीच रेघ नव्यानें आंखतो. त्यामुळें चित्र तिकिटाएवढें असो वा भिंतीएवढें, त्याची कड स्वच्छच राहते.

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानें इन्कस्केप या मोफत साधनावर खोपा पुन्हा काढला. पेन्सिलीचें रेखाटन स्कॅन करून त्यानें तळाच्या लेअरवर ठेवलें आणि वरून तो गिरवूं लागला. प्रथम त्यानें एका कडेवर चाळीस बिंदू ठेवले. कड दांतेरी झाली. मग पांचच बिंदू ठेवून त्यांचीं हँडलें ओढून वळण जुळविलें, तेव्हां ती सुगरणीला शोभेलशी उतरली. गवताची काडी न् काडी काढण्याचा मोहहि त्यानें आवरला. लहान आकारांत बारीक रेघा एकमेकींत मिसळून डाग दिसतो, आणि हा दोष व्हेक्टर चित्रालाहि चुकत नाहीं.

अक्षरांचें पथ्य वेगळें. छापखान्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला कीं मात्रा सरकतात, जोडाक्षरें फुटतात. म्हणून छपाईच्या प्रतींत अक्षरांच्या आकृत्या करून द्याव्या; मूळ प्रतींत मात्र अक्षरें अक्षरेंच राहूं द्यावीं. नाहींतर पुढच्या वर्षीं साधी तारीखहि बदलतां येत नाहीं.

पुढच्या वर्षाचा हा विचार विद्यार्थी-मंडळानें विशेष करावयास हवा. मंडळ टिकतें, माणसें दर दोन-तीन वर्षांनीं बदलतात. चित्र एकाच्या लॅपटॉपवर राहिलें, कीं त्याच्याबरोबर तेंहि जातें. एसव्हीजी या 2001 सालापासून प्रमाण ठरलेल्या खुल्या स्वरूपांत जपलेलें चित्र मात्र नव्या विद्यार्थ्याला उघडतां येतें आणि बदलतांहि येतें. मोठें करतां येणें हा व्हेक्टर चित्राचा गुण खराच. पण दुसऱ्याच्या हातीं सोंपवितां येणें, हा मला त्याहून मोठा वाटतो.

आमच्या विद्यार्थ्यानें खोपा, फांदी आणि पक्षी यांच्या लेअरना नांवें दिलीं आणि मूळ प्रत मंडळाच्या संग्रहांत ठेवली. पुढें पावसाळी अंकाच्या वेळीं पहिल्या वर्षाच्या एका मुलीनें ती उघडली. खोपा विणतो तो नर, आणि अर्धा विणल्यावर मादीनें पसंत केला तरच तो पुरा करतो, हें तिला ठाऊक होतें. तिनें खोपा अर्धाच ठेवला आणि त्यावर पिवळ्या डोक्याचा नर बसविला. एवढ्या कामाला तिला एक दुपार पुरली.

त्या अंकांत चित्राखालीं तिघांचीं नांवें छापलीं. पहिलें नांव अर्थातच पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थिनीचें होतें.