रात्री मोजा, मग देश ठरवा



लग्नाचा पंचविसावा वाढदिवस युरोपात साजरा करायचा, असं ज्या घरात ठरतं त्या घरातून येणारा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. पत्र सांगलीचं असो, ठाण्याचं असो की मडगावचं, मजकूर तोच. “आम्हा दोघांना फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली करायचं आहे. यांपैकी कुठल्या देशाचा व्हिसा पटकन मिळतो?” ओळखीतल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, की शेंगेनचा व्हिसा एकदा हातात पडला की सगळा युरोप मोकळा. तेव्हा जिथली तारीख लवकर मिळेल तिथे अर्ज टाकायचा, पुढचं पुढे.

यातलं अर्धंच खरं आहे. एका व्हिसावर अनेक देश फिरता येतात, हे खरं. अर्ज कुणाकडे करायचा, हे मात्र प्रवाशाच्या सोयीवर सोडलेलं नाही.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव. १९८५ च्या जूनमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी तिथे नदीवर एका बोटीत करार केला, की आपसातल्या सरहद्दींवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करायची. पुढे गट वाढत गेला. क्रोएशिया २०२३ मध्ये आत आला, बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले आणि आता या गटात २९ देश आहेत. युरोपीय संघ आणि शेंगेन यांची मात्र गल्लत करू नये. स्वित्झर्लंड संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन तर दोन्हीकडे नाही. लंडन पाहायचं असेल तर व्हिसा वेगळा, अर्ज वेगळा आणि पैसेही वेगळे.

आता मूळ प्रश्नाकडे. नियम असा, की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच भरत असेल तर शेंगेनमध्ये ज्या देशातून पहिल्यांदा शिरणार, त्या देशाकडे. म्हणून तिकिटांच्या, हॉटेलांच्या, कशाच्याही आधी कागद घ्यावा आणि रात्री मोजाव्यात. देश मोजू नयेत, प्रेक्षणीय स्थळं मोजू नयेत. रात्री मोजाव्यात.

एक नेहमीचा आराखडा घेऊ. पॅरिस चार रात्री, इंटरलाकेन तीन, व्हेनिस एक आणि रोम तीन. एकूण अकरा. फ्रान्सच्या चार झाल्या, इटलीच्याही चार. बरोबरी झाली आणि विमान पॅरिसला उतरतंय, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. इतक्यात बाई म्हणतात, रोमला अजून एक दिवस हवा. यजमान लगेच तयार होतात. इटलीच्या पाच रात्री झाल्या आणि त्यासरशी वकिलातही बदलली. अर्ज आता इटलीकडे जायला हवा. एका रात्रीने एवढा फरक पडतो.

मग लोक काय करतात? तारीख लवकर देणारा एखादा देश शोधतात, त्या देशातल्या हॉटेलात सहा रात्रींचं बुकिंग दाखवतात, व्हिसा आला की ते रद्द करतात आणि पॅरिसचं विमान पकडतात. एजंट याला ‘डमी बुकिंग’ म्हणतात आणि चारशे-पाचशे रुपयांचं काम असल्यासारखं बिनधास्त सांगतात. इथे जरा रागावून बोलायला हवं. हा खोटा कागद आहे, दुसरं काही नाही. खोट्या माहितीवर मिळवलेला व्हिसा रद्द करता येतो, सरहद्दीवरचा अधिकारी हॉटेलची आणि परतीची कागदपत्रं मागू शकतो, आणि नकाराची किंवा रद्द झाल्याची नोंद शेंगेनच्या सामाईक संगणकप्रणालीत जाते, जी सगळ्या सदस्य देशांना दिसते. पंचवीस वर्षं सचोटीने संसार केलेल्या माणसांनी परक्या सरकारला असला कागद द्यावाच कशाला? आजारपणामुळे किंवा संपामुळे आखणी बदलावी लागली, तर ती वेगळी गोष्ट. मुळातच न जाण्याचं ठरवून दाखवलेला मुक्काम ही वेगळी.

अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांवर चिडूनही उपयोग नसतो. केंद्र कागद आणि बोटांचे ठसे घेतं. निर्णय वकिलातच घेते.

रात्री मोजण्याचा दुसरा फायदा व्हिसापेक्षाही मोठा आहे. नऊ रात्रींत सहा देश पाहण्याच्या आराखड्यात जोडप्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, ते त्यातून कळतं. प्रत्येक मुक्काम हलवताना खोली रिकामी करणं, स्टेशन गाठणं, गाडीतले तास, नवं हॉटेल शोधणं आणि दुपारी खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळत बसणं, यात दिवसाचा मोठा भाग जातो. पॅरिस ते झुरिक थेट वेगवान गाडीने सुमारे चार तास लागतात; इंटरलाकेनला जायचं तर त्याहून जास्त. इंटरलाकेनहून मिलानमार्गे व्हेनिस म्हणजे साधारण सहा तास. व्हेनिस ते रोम जवळपास चार तास. नकाशावर हे सगळं वीतभर दिसतं. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे एक संध्याकाळ आणि एक घाईची न्याहारी, यापलीकडे फारसं काही नाही.

स्वित्झर्लंडात तर एका रात्रीचा मुक्काम म्हणजे निव्वळ जुगार. यश चोप्रांच्या चित्रपटांनी ते डोंगर आपल्याकडे घराघरांत पोचवले, आणि इंटरलाकेनमध्ये २०१६ पासून त्यांचा पुतळाही उभा आहे. तिथे जाऊन युंगफ्राउयोखची उंच खिंड पाहायची नाही, असं मराठी जोडपं विरळाच. १९१२ पासून तिथे आगगाडी जाते. स्टेशन समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर. तिकीट चांगलंच महाग. आणि वर ढग असले तर काचेबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काहीही दिसत नाही. ज्यांनी तीन रात्री ठेवल्या आहेत, ते सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघून ठरवतात, की आज वर जायचं की तळ्यात बोटीने फिरायचं. ज्यांच्याकडे एकच रात्र असते, त्यांना ढगांसकट वर जावं लागतं.

व्हेनिसमध्येही तेच. २०२४ पासून तिथे ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेतलं जातं. शहरात रात्री राहणाऱ्याला त्यातून सूट आहे. दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते, तेव्हा तिथल्या गल्ल्या पायी फिरण्याजोग्या होतात. म्हणजे इथेही रात्रीचाच हिशोब.

ज्यांना पहिलाच मोठा प्रवास झेपेल की नाही अशी शंका आहे, त्यांनी प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टचा विचार करावा. तीन, चार, तीन अशा दहा रात्री. प्राग ते व्हिएन्ना थेट गाडीने सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. मुक्काम ऑस्ट्रियात जास्त, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. तीन देश, तीन चलनं, कोरुना, युरो आणि फोरिंट, पण धावपळ कमी.

आता व्हिसाच्या स्टिकरबद्दल, कारण तो हातात आला की लोक त्यावरचा फोटो बघतात आणि पासपोर्ट कपाटात ठेवतात. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या असतात. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो चालतो, ही पहिली. त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल, ही दुसरी. तारखांचं अंतर महिनाभराचं दिसलं आणि दिवस १२ लिहिलेले असले, तर हक्क बाराच दिवसांचा. इथे रात्री नाही, दिवस मोजायचे; उतरण्याचा दिवस धरायचा आणि निघण्याचाही. अकरा रात्री म्हणजे बारा दिवस.

तिसरी गोष्ट म्हणजे किती वेळा आत शिरता येईल. एकदाच शिरण्याचा व्हिसा असेल आणि जोडपं पॅरिसहून लंडनला, लंडनहून ॲमस्टरडॅमला जाणार असेल, तर ॲमस्टरडॅमच्या दारात त्यांना परत फिरावं लागेल. लंडनला गेल्याबरोबर शेंगेनमधून बाहेर पडणं झालं आणि ती एक फेरी संपली. पॅरिस ते लंडन गाडीने सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास, म्हणून कुणाच्या हे लक्षात येत नाही. लंडन सुरुवातीला ठेवावं किंवा शेवटी. मध्येच हवं असेल, तर अर्जातच एकाहून जास्त प्रवेश मागावेत. आणि देश ठरवताना लंडनच्या रात्री शेंगेनच्या रात्रींत मिसळू नयेत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सरहद्दींवर पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आहे. दिवसांचा हिशोब यंत्रच ठेवतं. तिथे ‘एक दिवस चालतो हो’ चालत नाही.

आता मुलांसाठी दोन शब्द. आईवडिलांना तिकिटं हातात ठेवून थक्क करायचं, असं अनेक मुलामुलींच्या मनात असतं. भावना फार गोड आहे. पण अर्जावर सही ज्याची त्याची लागते, आणि मागच्या ५९ महिन्यांत दिलेले नसतील तर बोटांचे ठसे द्यायला आईला आणि बाबांना स्वतः केंद्रात जावं लागतं. तेव्हा गुपित तिथपर्यंतच टिकेल. हॉटेलमधून दिसणारं तळं किंवा सीन नदीतल्या बोटीवरचं जेवण गुपित ठेवा. प्रवास ठेवू नका.

ऋतूचंही पाहायला हवं. आपल्याकडे लग्नं बहुधा तुळशीच्या लग्नानंतर नाहीतर एप्रिल-मेमध्ये होतात, त्यामुळे वाढदिवसही त्याच महिन्यांत पडतात. डिसेंबरात पॅरिसला पाचच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला. डिसेंबर असेल तर व्हिएन्ना आणि प्रागचे नाताळचे बाजार पाहावेत. हॉलंडमधली कोयकेनहोफची ट्यूलिपची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. २५ मेच्या वाढदिवसाला तिथे फुलं शोधू नयेत. नेमकी तारीख गाठण्याचा हट्ट सोडला, तर निम्म्या अडचणी सुटतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी. तिकीट पासपोर्टवर छापलेल्या नावानेच काढावं. बाईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही माहेरच्याच नावाचं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. रक्तदाब, मधुमेह लपवून घेतलेल्या विम्याचा ऐन वेळी उपयोग होत नाही. रेल्वेचा पास असला, तरी फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यावं. कार्डाच्या यंत्राने रुपये की युरो असं विचारलं, तर युरो म्हणावं. सहलीच्या पैशांवर आधीच वसूल केलेला कर (टीसीएस) आयकर विवरणपत्रात मागता येतो. पावती जपून ठेवावी.

शक्य असेल तर पॅरिसला उतरून रोमहून परत यावं, असं तिकीट घ्यावं. परतीसाठी पुन्हा पॅरिस गाठण्यात एक दिवस जातो. मात्र व्हिसा हातात येण्याआधी परतावा न मिळणारं तिकीट काढू नये. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. केंद्राचा सेवाआकार वेगळा. आणि नकार आला, तर शुल्क परत मिळत नाही.

अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो. निकालाला एरवी पंधरा दिवस लागतात, पण वकिलातीने ठरवलं तर पंचेचाळीसही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत उरलेली हवी आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. मेमध्ये निघायचं असेल, तर नोव्हेंबरपासून अर्ज करता येतो. तोवर दोघांनी एकत्र बसून रात्री मोजाव्यात आणि दोन्ही पासपोर्टांच्या मुदती आज रात्रीच तपासाव्यात.