कर भरावा, पण पारखून

कर वेळेवर भरणे ही प्रामाणिक गृहस्थाची सवय. भामटे नेमका याच सवयीचा गैरफायदा घेतात. ‘प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला, खात्याचा तपशील कळवा’ किंवा ‘मालमत्ता कर थकला, आजच भरा, अन्यथा जप्ती’ असे संदेश येतात. एकात लोभ, दुसऱ्यात भय. घाई मात्र दोन्हींत.

प्राप्तिकर विभाग पिन, पासवर्ड वा बँकेचा ओटीपी मागत नाही. परतावा आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या नोटिसांवर ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक खोटाही छापता येतो. म्हणून विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहावा. मालमत्ता कराची थकबाकी पालिकेच्या कार्यालयात तपासावी. अनोळखी इसमाच्या हाती रोकड देऊ नये.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर वडीलधारी माणसे लाजेने गप्प बसतात आणि तेवढ्यात आयुष्याची पुंजी हातोहात पुढे सरकते. त्यांनी तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेस कळवावे. रक्कम गोठवली जाण्याची शक्यता आरंभीच अधिक असते. घरच्यांनी दोष न देता सोबत उभे राहावे. लाज फसवणाऱ्याला वाटावी, फसलेल्याला नव्हे.