महादेवाचे देऊळ आणि दगडावरची अक्षरे

 

महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी आपण गावच्या जुन्या महादेवाला जातो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी काळ्या दगडाची देवळे बरीच. यवतमाळजवळ लोहाऱ्याचे कमलेश्वर तर साऱ्यांच्या ओळखीचे. "हे कोणी हो बांधलं?" असे विचारा; म्हातारी माणसे सांगतील, "हेमाडपंतानं, एका रात्रीत!" गोष्ट अशी, की हेमाडपंताने लंकेच्या बिभीषणाला दुखण्यातून बरे केले. बदल्यात त्याने राक्षस मागून आणले, आणि त्यांनी रातोरात देवळे उभी केली.

गोष्ट गोड आहे. ती मुलांना जरूर सांगावी. पण हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. महादेव यादव गादीवर आला इ. स. १२६१ मध्ये. अन् ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवालयावर शक आहे ९८२, म्हणजे इ. स. १०६०! तेव्हा चुन्याशिवाय दगडात दगड बसवून देवळे बांधण्याची विद्या हेमाडपंताच्याही आधीची. नाव त्याचे पडले. घाम मात्र कित्येक पिढ्यांच्या पाथरवटांचा.

हे कळले कशावरून? दगडावर कोरलेल्या अक्षरांवरून.

असाच एक लेख आपल्या पुसद तालुक्यात डोंगरगावी सापडला. तो संस्कृतात असून शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात माळव्याचा परमार राजा उदयादित्य याची हकिकत आहे. त्याने शंकराची आराधना केली, आणि त्या कृपेने जगद्देव हा पुत्र झाला. पुढे राज्यलक्ष्मी जगद्देवाकडे चालून आली. पण थोरला भाऊ असताना तिचा स्वीकार करणे पाप, म्हणून त्याने ती सोडली. मग दक्षिणेच्या कुंतलनरेशाने, म्हणजे चालुक्य विक्रमादित्याने, त्याला मुलासारखे जवळ केले. त्या जगद्देवाने एका ब्राह्मणाला डोंगरग्राम दान दिले. तेच आजचे डोंगरगाव! राज्ये गेली, नऊशे वर्षे लोटली, गावाचे नाव तेवढे टिकले.

गुजरातेत भाट लोक याच जगदेव परमाराची गोष्ट सांगतात. त्याने दानात आपले मस्तकही दिले म्हणतात. तिकडे गाण्यात राहिला, तो इकडे दगडात राहिला.

आता कळकळीचे सांगणे. जीर्णोद्धार करताना आपण हौसेने भिंतींना ऑइलपेंट फासतो, दगड तारेच्या ब्रशाने घासतो, पडलेली शिळा धुणे धुवायला नेतो. भाव चांगला असतो. पण एक ओळ पुसली, की गावाची एक साक्ष कायमची गेली.

गुरुजी, एका सकाळी मुलांना देवळात न्या. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. खडूने गिरवू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा. अन् मंडळी, महादेवाला बेल वाहा, पाणी घाला. त्याच्या भिंतीला मात्र बोलू द्या.